मागच्या चाकांचे पॅड

५ जून

पत्रास कारण की, ब्रेक. तुझी आठवण आली म्हणून लिहितेय असं तुला वाटायला नको, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते.

आणि हो, 'तू'च लिहिलंय. इतकी वर्षं 'अहो' म्हणाले, घटस्फोटाच्या कागदावर सही झाली त्या दिवशी 'अहो' संपलं. वकीलबाई म्हणाल्या, जे काय बोलायचं ते लेखी बोला, फोनवर बोललात की एकमेकांचे गळे धराल. म्हणून हे पत्र.

तू गेलास, कोणाचं काही अडलं नाही. टेकडी माझ्या वडिलांची, ती माझ्याकडे राहिली, आणि तिच्यावर चालणाऱ्या सहा एटीव्हीही. हौशी लोक अजून येतात, हेल्मेट घालतात, जाड चाकांच्या त्या उघड्या गाड्यांवरून चिखल उडवत वर जातात आणि आरडाओरडा करत खाली येतात. तू असताना चालायचं त्यापेक्षा बरंच चाललंय. गिऱ्हाइकांवर खेकसणारं कोणी नाही ना आता.

फक्त ब्रेक पॅड टिकत नाहीत. तुझ्या वेळी एक जोडी अख्खा ओला हंगाम काढायची. आता नवी घालतो न घालतो तोच संपते. शहरातला डीलर म्हणतो, बाई, चिखल म्हणजे पॉलिशपेपर, तो पॅड खाणारच. मला पटत नाही. टेकडी तीच, चिखल तोच, गाड्या त्याच. मेकॅनिक ठेवलेला नाही. गाड्यांचं आम्हीच बघतो.

तुला गाड्या कळतात, एवढं मी नाकारत नाही. माणसं कळत नव्हती, पण तो विषय संपला. काय केलं तर पॅड टिकतील तेवढं कळव. बाकी काही लिहू नकोस.

तुझी कोणी नसलेली


१४ जून

बाईसाहेब,

पत्र मिळालं. एकदा रागाने वाचलं आणि एकदा चवीने. माझ्यावाचून काही अडलं नाही, असं सांगायला तुला दोन पानं लागली.

इथे मी बसच्या डेपोत लागलोय. दिवसभर खड्ड्यात उभं राहून बसचं पोट बघायचं. अंगावर ग्रीस गळतं, पण ते तुझ्या बोलण्यापेक्षा बरं, निदान धुतलं की जातं.

'आम्हीच बघतो' म्हणे. हे 'आम्ही' म्हणजे कोण ते मला कोणी समजावून सांगायला नको. तुझा तो दाढीवाला गाइड. रांगेतल्या पहिल्या गाडीवर बसून सारखा मागे वळून बघायचा, ते काय गिऱ्हाइकांची काळजी होती म्हणून? मी बोललो की मी संशयी. आता मी गेलो, मैदान मोकळं. नांदा सौख्यभरे.

आता तुझे ब्रेक. फुकट सांगतो, तुझ्याकडून काही घ्यायची इच्छा उरलेली नाही.

चिखल वाळू द्यायचा नाही. गाडी खाली आली की ओली असतानाच धुवायची, साध्या पाइपच्या पाण्याने. प्रेशरची बंदूक मारलीत तर चिखल बाहेर यायच्या ऐवजी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या रबराखाली जाऊन बसतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या काढून पुसायच्या आणि ब्रेकचं वेगळं ग्रीस मिळतं ते लावायचं. पिन अडकली की पॅड सुटतच नाही. आणि उताराला गाडी लो गिअरमध्ये टाकून इंजिनावर उतरायची. ब्रेक दाबायचा तर नीट दाबायचा, सोडायचा तर पुरता सोडायचा. अर्धवट धरून ठेवला की मधला चिखल जात्यासारखा पॅड दळतो. हे तुला समजायला जड जाईल. तू माणसाला कधी धड धरलं नाहीस आणि धड सोडलंही नाहीस.

ठकीचं कॉलेज कसं चाललंय? पोरगी माझ्या पत्रांना उत्तर देत नाही. तू तिचे कान भरलेस, त्याचं माप तुझ्या पदरात पडेलच. परीक्षेचं काय झालं तेवढं कळव.

ज्याला हाकललंस तो


६ जुलै

तू सांगितलंस तसं सगळं केलं. पुढच्या चाकांचे पॅड आता टिकतायत. शाबासकी हवी असेल तर डेपोत स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घे, तसाही तो तुझा जुना छंद आहे.

पण मागचे पॅड तसेच. धुतले, पुसले, ग्रीस लावलं, उताराला लो गिअर काटेकोर पाळला. तरी भराभर झिजतात. सगळ्यात वाईट पहिल्या गाडीचे. मागची चाकं उचलून हाताने फिरवली तर जड फिरतात. हे कशामुळे?

दाढीवाल्याबद्दल विचारलं नव्हतंस, तरी सांगते. हो, पहिल्या गाडीवर तोच असतो. सकाळी माझ्याआधी उठतो. सांगितलेलं काम कुरकुर न करता करतो. जेवताना ताटात खोड काढत नाही. मला वाटायचं सगळेच पुरुष तुझ्यासारखे असतात. उगाच इतकी वर्षं फुकट घालवली.

ठकी हॉस्टेलवर आहे. परीक्षा चांगली गेली. तुझी पत्रं तिला पोचतात. उत्तर द्यावंसं वाटत नसेल, त्याला मी काय करू? तुझीच मुलगी, मनात धरून ठेवते.


१५ जुलै

बाईसाहेब,

तुझी पत्रं यायला लागल्यापासून मला भूक चांगली लागते. परवा तुझं पत्र खिशात घालून कँटीनमध्ये बसलो होतो. फोरमनने विचारलं, काय रे, लॉटरी लागली का? म्हटलं, तसंच काहीतरी.

मागचे पॅड आधी जाणारच. पुढची चाकं जो चिखल उडवतात तो सगळा मागच्या कॅलिपरवर जाऊन बसतो, अगदी कोणतीही गाडी घे. चाक जड फिरतं कारण मागचा धुरा आणि साखळी सोबत ओढली जाते. त्यात नवल काही नाही. बाकी कशाला हात लावू नका. मी बसवलेलं सगळं जागच्या जागी आहे. फार तर धातूचे पॅड घाला, साध्या पॅडपेक्षा चिखलात जास्त तग धरतात. पॅड जिला धरतात ती डिस्क जरा लवकर झिजेल. एक वाचवायला गेलं की दुसरं झिजतं, तुझ्याशी संसार केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि तुझ्या त्या आदर्श पुरुषाला माझा निरोप दे. म्हणावं, मी निघण्याआधी पहिली गाडी माझ्या हातांनी ठाकठीक करून ठेवली होती. खास त्याच्यासाठी. जपून चालव म्हणावं.

ठकी हॉस्टेलवर आहे हे ऐकून बरं वाटलं. निदान ती तरी त्या चिखलातून बाहेर पडली. तुझ्यासारखी टेकडीला चिकटून बसली नाही.


११ ऑगस्ट

यावेळी टोमणे मारत नाही. तूही मारू नकोस. सरळ विचारते, सरळ उत्तर दे.

धातूचे पॅड घातले. बाकीच्या गाड्यांवर थोडे जास्त टिकले. पहिल्या गाडीचे नाही. तिची मागची डिस्क निळी पडलीय. खाली आल्यावर पाणी मारलं की चर्रर आवाज करून वाफ निघते. जळका वास येतो. शेवटच्या उतारावर ब्रेकचं पेडल कधी कधी स्पंजासारखं मऊ लागतं, थांबून गार झालं की पुन्हा ठीक होतं.

नवे पॅड मागवलेत, पण वाटेत अडकलेत. पुढच्या आठवड्यात एका कंपनीची माणसं यायची आहेत, मोठा गट आहे, सहाही गाड्या लागतील. पहिल्या गाडीचे मागचे पॅड नखाएवढे उरलेत.

गाडी उभी करून ठेवू का? उभी कर म्हणालास तर करते, अर्ध्या लोकांना नाही म्हणेन. एवढ्या वर्षांत गाडीच्या बाबतीत तू मला कधी चुकीचं सांगितलं नाहीस, म्हणून विचारतेय. फक्त हो की नाही, एवढं कळव.


१६ ऑगस्ट

चालव.

चिखलात ब्रेक तापतात, डिस्क निळ्या पडतात, त्याने जग बुडत नाही. नखाएवढा पॅड म्हणजे अजून आठवडाभर सहज. पेडल मऊ लागत असेल तर बसणारा मऊ आहे. तुझ्या दाढीवाल्याला सांग, इतकी भीती वाटत असेल तर हेल्मेट काढून पदर घे डोक्यावर.

हात जोडून विचारलंस, बरं वाटलं. हे आधी जमलं असतं तर आज मी बसखाली नसतो.


२३ सप्टेंबर

हे पत्र हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

तू 'चालव' म्हणालास. चालवली. कंपनीची माणसं आली. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला शेवटच्या उतारावर पहिल्या गाडीच्या पेडलमध्ये काही उरलंच नाही, पाय सरळ खाली गेला. नुसत्या पुढच्या ब्रेकवर गाडी चिखलात घसरायला लागली. खाली पुढच्या फेरीची माणसं वाटेवरच उभी राहून फोटो काढत होती. गाडी त्यांच्यात घुसली असती. म्हणून ती डाव्या बाजूच्या बांधावर घातली. ती उलटली. उजवा पाय खाली सापडला. आधी वाटलं हाड जोडलं जाईल. मग जखमेत गेलेल्या चिखलाने विष भिनलं. गेल्या आठवड्यात गुडघ्याखाली कापला.

आता वाचून तुला बरं वाटत असेल. खूश हो, घटकाभर.

गाडीवर दाढीवाला नव्हता. ठकी होती.

तो तू गेल्यावर महिन्याभरातच काम सोडून गेला. तू चारचौघांत त्याला जे बोललास ते त्याच्या बायकोच्या कानावर गेलं, तिने इथे राहू दिलं नाही. माझं त्याच्याशी काही नव्हतं. आधीही नाही आणि नंतरही नाही. तुला झोंबावं म्हणून मी त्याचं नाव घेत राहिले. तो जाताच ठकी कॉलेज सोडून आली, म्हणाली, आई, तुला एकटीला झेपायचं नाही, पहिली गाडी मी घेते. सकाळी माझ्याआधी उठणारी ती. गाड्यांचं 'आम्ही' बघत होतो म्हणजे ती आणि मी.

अपघातानंतर वर्कशॉपचा माणूस गाड्या तपासायला आला. मागची चाकं उचलून फिरवायला गेला, फिरेनात. गाडी उभी करताना लावायचा तो हँडब्रेक, त्याची केबल ताणून आवळलेली होती. हँडब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटलेलेच. सहाही गाड्यांचं तेच. पाच गाड्यांवर थोडी, पहिलीवर सगळ्यात जास्त. तो म्हणाला, बाई, केबल वापराने सैल होते, आपोआप घट्ट कधीच होत नाही. ही कोणीतरी बसून, पाना लावून आवळलीय. ब्रेक सतत घासत राहिला, तापला, आतलं ऑइल उकळलं, मग दाबायला उरलं काय?

मी तुला विचारलं होतं. चाक जड का फिरतं म्हणून विचारलं होतं. गाडी उभी करू का म्हणूनही विचारलं होतं.


२९ सप्टेंबर

कोणतं हॉस्पिटल? कोणतं हॉस्पिटल ते लिहिलं नाहीस. फोन केला तर तू कापतेस. तुझ्या वकीलबाईला केला, ती म्हणते पत्ता द्यायची परवानगी नाही. मी बाप आहे तिचा.

तू मला सांगितलं का नाहीस? एक ओळ लिहायची होती, ठकी घरी आहे. एक ओळ! पहिल्याच पत्रात मी तिची चौकशी केली, तू हॉस्टेल म्हणालीस, परीक्षा म्हणालीस. त्या गाडीवर ती बसते हे मला माहीत असतं तर मी लिहिलं असतं, आत्ताच्या आत्ता उभी कर, किल्ली काढून घे, हातही लावू नका. तुझ्या खोटेपणाने तिचा पाय गेला. केबलचं काय घेऊन बसलीस, जुन्या गाड्या आहेत, कोणी ना कोणी हात लावला असेल. थोडा ब्रेक घासला तर पॅड झिजतात, माणसं मरत नाहीत. पॅड झिजावेत, तू बिलं भरत बसावंस, फार तर तो भामटा आपटावा, याच्यापलीकडे कोणाच्या मनात काय असणार?

हॉस्पिटलचा पत्ता पाठव. पाया पडतो तुझ्या.


३ ऑक्टोबर

म्हणजे त्याच्यासाठी 'चालव' आणि तिच्यासाठी 'उभी कर'. तुला सगळं ठाऊक होतं.

पाया पडू नकोस, उशीर झाला. तुझं पत्र मी फाडलं नाही. तिला वाचायला दिलं. मागची सगळीही दिली.

यापुढे मला लिहू नकोस.


१० एप्रिल

बाबा,

तुमची सगळी पत्रं मिळाली, हॉस्पिटलचा पत्ता शोधून पाठवलेली आणि घरी आलेलीही. आधी उघडत नव्हते. आता वेळ असतो म्हणून उघडली. हो, 'तुम्ही'च लिहितेय. तू म्हणायला माणूस ओळखीचा असावा लागतो.

तुम्ही लिहिता, मुद्दाम काही केलं नाही. लिहिता, आईने खोटं सांगितलं म्हणून घडलं. आईने खोटं सांगितलं हे खरं आहे. तिला मी ते तोंडावर बोलले. ती रडली, मी रडू दिलं. आमचं आम्ही बघू.

पण मुद्दाम काही केलं नाही, हे मला लिहू नका. मी तिथे होते.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी. मी सुट्टीला घरी आले होते, तुमच्या दोघांच्या भांडणाला कंटाळून शेडच्या मागच्या बाजूला बसले होते. तुम्ही आलात, दिवा लावलात आणि एकेका गाडीपाशी बसलात. तुम्हाला मी दिसले नाही. फळीच्या फटीतून मी बघत होते. प्रत्येक गाडीच्या मागे हात घालून तुम्ही पाना फिरवलात. पहिल्या गाडीपाशी सगळ्यात जास्त वेळ बसलात. मग लाल रंगाची बाटली काढलीत आणि प्रत्येक नटवर एक ठिपका लावलात.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? वाटलं, इतकं भांडून चाललेत, पण जाता जाता आमच्यासाठी गाड्या नीट करून चाललेत. मला रडू आलं. आत जाऊन आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "तेवढा एक गुण आहे खरा त्यांच्यात."

लहानपणी पाना हातात देऊन तुम्हीच शिकवलं होतं. नटवर ठिपका असेल तर तो मेकॅनिकने जोखून बसवलेला असतो, त्याला कोणी हात लावायचा नाही. मी एकदा लावला तर कानफटात मारली होती, आठवतं? पॅड बदलायला मागे वाकले की तो नट समोर दिसायचा. पाना हातातच असायचा. चाक जड फिरतंय हेही कळत होतं. एकदा आई म्हणालीही, "ही हँडब्रेकची केबल जरा सैल करून बघू या का गं?" मी म्हटलं, "नको. बाबाने बसवलीय. ती बरोबरच असणार."

आई पोलिसांत जाऊ म्हणते. मी नको म्हटलं. दया आली असं समजू नका. तिथे काय ती शिक्षा देतील, तुम्ही ती भोगाल आणि एक दिवस म्हणाल, फिटलं. मला ते नकोय.

गेल्या महिन्यात तुम्ही फाटकापाशी आला होतात. मी खिडकीतून पाहिलं. वाळलात. दाढी वाढवलीय. पुन्हा येऊ नका. पत्रंही पाठवू नका, ती मी न उघडता चुलीत घालेन, आणि हे मी रागात लिहीत नाहीये.

केबल सैल केल्या. आता मागचे पॅडही पुढच्यांइतके टिकतात.

नकली पाय बसवलाय. त्याला पेडल कळत नाही, म्हणून माझ्या गाडीचा मागचा ब्रेक हातावर घेतलाय. परवा पहिल्यांदा वर गेले आणि एकटी खाली उतरले. आई खाली तोंडावर हात दाबून उभी होती. लो गिअर, ब्रेक दाबायचा, पुरता सोडायचा, पुन्हा दाबायचा. मी काही आठवून करत नव्हते, हात आपोआप चालत होते. हुबेहूब तुमच्यासारखे. खाली येऊन मी किती तरी वेळ त्या हातांकडे बघत बसले. पाय निदान कापता आला.

ठकी